मुद्देमाल

फुजैराच्या कोर्टात सकाळी साडेनऊला एसी इतका गार
की तोंडातलं मराठी आधी चोळून ऊन करावं लागतं.

टेबलावर मुद्देमाल: हातभर काळी केबल,
हॅकसॉचं पातं, त्याला चिंध्यांची मूठ.
आरोपी रंगनाथ दगडू वाघचौरे, वय एकतीस,
तुरुंगातल्या खोलीतून पडद्यावर, जरा तिरका.

हकीकत कागदावर आहे.
किद्फाच्या अलीकडे, रस्त्याखालून कोरडी वादी जाते तिथे
रात्री दोनला त्यानं लोखंडी झाकण उचललं,
तांब्यासाठी केबल कापली.
आत तांबं नव्हतं. काच होती.
केसासारखी काच, शहाण्णव धागे.
भंगारवाल्यानं वाकवून पाहिली, बोटात कूस गेली,
म्हणाला, ही फुकट पण नको.

इंजिनियर इद्रीस नक्बी साक्षीला उभे:
अकरा तास. बंदरातल्या क्रेन थांबलेल्या,
इस्पितळाचे एक्स-रे मधेच अडकलेले, दोन बँका,
आणि (कागद उलटून) कामगारांचे सात कॅम्प.
त्यातला चौथा रंगनाथचा.

न्यायाधीश विचारतात: नीय्या काय होती?
मी म्हणते: नियत काय होती तुझी?
भाषांतर करावंच लागत नाही.
वकील, जबाब, नुकसान, हक्क,
हे सगळे कधीतरी इकडूनच आमच्याकडे आले,
घोड्यावरून की गलबतातून, कोण जाणे.
माझे आजोबा हर्णैचे सारंग. ते म्हणाले असते, गलबतातून.
तांबं आणि काच मात्र आमची.

आरोपीचा वकील म्हणतो, ही चोरी कशी?
जे यानं नेलं ते कुणाच्या उपयोगाचं नाही,
आणि जे गेलं ते यानं नेलं नाही.
सरकारी वकील म्हणतात, म्हणूनच कायदा वजन बघत नाही,
दोन टोकांना कोण बसलंय ते बघतो.

मग रंगनाथ बोलतो,
माझ्याकडे बघायचं म्हणून भलत्याच भिंतीकडे बघत:
"ताई, आमच्या हिरीवरची केबल तीनदा गेली.
जाळून तांबं काढत्यात, राख बांधावर सोडत्यात.
चौकीत गेलो तर हवालदार म्हनला, येवढ्यासाठी फिर्याद?
तवाच मला कळलं, केबलीत काय असतं."

केबल तीनदा गेली.
मी अरबीत सुरुवात करते आणि अडते.
मराठीत वस्तू आपल्या पायांनी जातात.
लाईट जाते. नेट जातं. नोकरी जाते.
इथे विचारतात, कुणी नेली?
न्यायाधीशांचं पेन थबकतं. तीनदा? आणखी कुठे?
मी म्हणते, यानं नेली नाही. याची नेली.
ते माझ्याकडे पाहतात. मग काहीतरी लिहितात,
कुठल्या रकान्यात, ते माझ्या जागेवरून दिसत नाही.

तेवढ्यात पडदा थिजतो.
रंगनाथचं तोंड अर्धं उघडं, डोळ्यांचे चौकोन झालेले.
इद्रीस नक्बी सवयीनं उठून उभेच राहतात.
सहा-सात सेकंद.
तो परत येतो तेव्हा वाक्याचं शेपूट तेवढं हाती लागतं:
"...न्हाई तर मी कशाला?"
मधलं काय होतं ते विचारायला हवं होतं.
कोर्ट पुढच्या मुद्द्यावर गेलं होतं, मीही गेले.
नोंदीत लिहिलं: ऐकू आलं नाही.

निकाल येत्या मंगळवारी.

कारकून विचारतो, मुद्देमाल निकालानंतर कुणाच्या ताब्यात?
कंपनी म्हणते, आम्हाला नको.
तो केबल काखेत धरून चिठ्ठीवर नंबर घालतो.
एक टोक खिडकीकडे आहे, बाहेर मरणाचं ऊन,
आणि दुसऱ्या टोकाला, करवतीनं चेचलेल्या तोंडात,
काही ठिपके उजळलेत.
सगळे नाही. पाच. सहा असतील.
त्याचं लक्ष नाही. त्याला डिंक सापडत नाहीये.